सातचा आकडा

आमच्या डेअरीचं नाव मी इथं सांगणार नाही. चूक डेअरीची नव्हती, माझी होती, आणि ती माझ्याच नावावर राहिलेली बरी. माझं नाव लालमहंमद. संगमनेरहून नाशिक-पुणे रस्त्यानं थोडं पुढं गेलं की आमचा प्लांट लागतो. तिथल्या लॅबमध्ये मी सत्तावीस वर्षं दूध तपासतोय. वय त्रेपन्न. सगळे लालभाई म्हणतात. मी तापट आहे हे मी सांगायची गरज नाही, गेटवरचा वॉचमनही सांगेल.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे सगळा कारभार मोबाईलवर आला. एकेचाळीस गावांत आमची दूध संकलन केंद्रं आहेत. शेतकरी सकाळ-संध्याकाळ तिथं दूध घालतात, केंद्र चालवणारा माणूस दुधाची फॅट, डिग्री आणि तापमान बघून मोबाईलमध्ये भरतो, आणि हे सगळे आकडे आमच्याकडे एका तक्त्यात येऊन पडतात. पडतात म्हणजे पडूनच राहतात. लाखभर ओळींचा तो तक्ता उघडला की ऑफिसचा कॉम्प्युटर अर्धा तास घरघर करायचा आणि बंद पडायचा.

मग माझी मुलगी कैनात सुट्टीत पुण्याहून आली आणि तिनं मला ब्राउझरमध्ये उघडणारं एक नोटबुक दाखवलं. "अब्बा, काही इन्स्टॉल करायला नको. मेल उघडता तसं हे उघडायचं," ती म्हणाली. पांढरं पान, त्यावर एकाखाली एक चौकटी. चौकटीत पायथन नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेतल्या दोन-चार ओळी लिहायच्या, कडेचं त्रिकोणी बटण दाबायचं, की चौकटीतलं काम होतं आणि उत्तर खाली हजर. काम करणारं मशीन कुठंतरी लांब, आपल्याकडे नुसती खिडकी. दर वेळी बटण दाबलं की चौकटीशेजारी कंसात एक आकडा उमटतो. पहिल्यांदा दाबलं की एक, मग दोन, मग तीन. हा आकडा कशासाठी असतो ते मी विचारलं नाही. मला वाटलं, शोभेला असेल.

चार महिने मी ते शिकलो, रोज सकाळी फजरच्या नमाजनंतर तासभर. ज्या दिवशी लाखभर ओळींचा तक्ता तीन सेकंदांत उघडला त्या दिवशी मी लॅबमध्ये पेढे वाटले. नंतर तर मला गर्व चढला. एका लग्नात मी नवऱ्या मुलाच्या मामाला धरून आलेख म्हणजे काय ते समजावून सांगितलं, तो बिचारा बिर्याणीच्या रांगेत उभा होता. माझी बायको हमिदा म्हणाली, "लोकांना जेवू द्या हो." मी ऐकलं नाही.

जानेवारीत आमचे मॅनेजर रंगनाथ साहेब लॅबमध्ये आले. "लालभाई, तुमचं ते नोटबुक कामाला लावा. डिसेंबरचे सगळे आकडे बघा आणि कोणत्या केंद्रावर दुधात पाणी पडतंय ते मला सांगा. शनिवारी सगळ्या केंद्रवाल्यांची मीटिंग आहे, भिंतीवर दाखवू."

दुधातलं पाणी बघायचं तर डिग्री बघायची. लॅक्टोमीटरची काचेची नळी दुधात सोडतात. दूध घट्ट असेल तर नळी वर तरंगते, पाणी घातलेलं असेल तर खाली बसते. नळीवर जो आकडा दिसतो ती डिग्री. ती सव्वीसच्या खाली आली की संशय घ्यायचा. पण यात एक मेख आहे. दूध थंड असेल तर नळी उगाच वर राहते आणि डिग्री जास्त दिसते. गरम असेल तर कमी दिसते. म्हणून तापमान बघून आकडा दुरुस्त करावा लागतो. थंड दुधाचा थोडा कमी करायचा, गरम दुधाचा थोडा वाढवायचा. आमच्या केंद्रांवरून येतो तो नळीवरचा कच्चा आकडा, दुरुस्ती लॅबनं करायची. नव्या माणसाला हे सगळं शिकवतं कोण, तर मीच.

ही दुरुस्ती मी एका चौकटीत लिहिली. प्रत्येक ओळीतली डिग्री घ्यायची, तापमानाप्रमाणे कमी-जास्त करायची आणि परत डिग्रीच्याच रकान्यात ठेवायची. बटण दाबलं. आमच्याकडचं नेट म्हणजे आलं तर आलं. चौकटीशेजारी एक छोटा गोल फिरत राहिला, उत्तर काही येईना. मी चहा घेऊन आलो, तरी गोल फिरतच होता. माझं डोकं तापलं. मी पुन्हा बटण दाबलं, जरा जोरातच, कॉम्प्युटरला राग कळतो असं समजून. ह्या वेळी लगेच बरोबरची खूण आली. मी खूश होऊन पुढच्या चौकटीकडे गेलो.

पहिल्यांदा दाबलं तेव्हाच काम झालेलं होतं. फक्त ते झाल्याचा निरोप माझ्या खिडकीपर्यंत आला नव्हता. दुसऱ्यांदा दाबल्यावर दुरुस्त झालेल्या आकड्यांची आणखी एकदा दुरुस्ती झाली. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत व्हायला हवं होतं, एवढंच म्हणतो.

आलेख निघाला. एकेचाळीस काड्या, त्यातल्या चाळीस हिरव्या आणि एक लाल. लाल काडी खडकदऱ्याची होती, डिग्री साडेपंचवीस. खडकदऱ्याचं केंद्र सुमनबाईंचं.

सुमनबाईंना मी बारा वर्षं ओळखतो. नवरा गेल्यावर त्यांनी दोन गाई घेतल्या. पण गावात जे केंद्र होतं तिथं त्यांचं दूध घ्यायला खळखळ व्हायची. बौद्धवाड्यातलं दूध सगळ्यांत शेवटी घ्यायचे, वेगळ्या कॅनमध्ये ओतायचे. कुणी तोंडानं काही म्हणायचं नाही, कॅन तेवढा वेगळा. ते केंद्र बंद पडल्यावर सुमनबाईंनी केंद्रासाठी अर्ज केला आणि सात वर्षं तो करतच राहिल्या. शेवटी त्यांना ते मिळालं. पहिल्या वर्षी तिथं फक्त त्यांच्याच वाड्यातली नऊ घरं दूध घालायची. मग वरच्या आळीतलं एक घर आलं, मग दोन. डिसेंबरात त्यांच्याकडे चौतीस घरं होती. कॅन उचलायला, धुवायला त्यांचा धाकटा दीर भीमराज. बोलायला कमी आणि कामाला वाघ, असा माणूस.

एवढं सगळं माहीत असताना मी काय करायला हवं होतं? मोटरसायकल काढायची, सकाळी खडकदऱ्याला जायचं, चार बाटल्या सॅम्पल आणायचं आणि स्वतःच्या हातानं नळी सोडून बघायची. सत्तावीस वर्षं मी तेच केलंय. या वेळी गेलो नाही. कशाला जायचं, माझ्याकडे आलेख होता.

शनिवारी प्लांटच्या हॉलमध्ये मीटिंग झाली. भिंतीवर काड्या उमटल्या तेव्हा लोक गप्प झाले. मला ते गप्प होणं फार आवडलं, हेही सांगून टाकतो. सुमनबाई दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. त्यांना आधी कळलंच नाही लाल काडी कुणाची. शेजारच्या बाईनं नाव वाचून दाखवलं, तेव्हा त्या उठून उभ्या राहिल्या.

"माज्या केंद्रावं पानी? भाई, तुमी नीट बघितलंय ना?"

"सुमनबाई, कॉम्प्युटर कुणाचं तोंड बघत नाही," मी म्हणालो.

मागून कुणीतरी म्हणालं, "आमी तर आधीच म्हनत हुतो, तिकडं दूध घालू नगा." दोघं-तिघं हसले. ते का हसले ते मला पुरतं कळलं. नावावरून माणूस ओळखून हसणारी माणसं मीही आयुष्यभर बघत आलोय. तरी मी पुढचा आलेख दाखवला. चौकशी होईपर्यंत खडकदऱ्याचं केंद्र बंद, असं रंगनाथ साहेबांनी जाहीर केलं. सुमनबाई चहा न घेता गेल्या.

मंगळवारी दुपारी पूजा माझ्या टेबलाशी आली. ती आमच्याच लॅबमध्ये केमिस्ट आहे, तीन वर्षं झाली तिला. तिला नोटबुक शिकायचं होतं म्हणून मीच मोठ्या मनानं माझं नोटबुक तिला पाठवलं होतं.

"सर, एक विचारू? इथं चौकटींना आकडे आहेत ना, एक ते सहा, आणि मग एकदम आठ. सात कुठं गेला?"

मी चष्मा लावून बघितलं. सहानंतर आठ होता, आणि तो आठ दुरुस्तीच्या चौकटीवर होता.

"मी शिकतेय त्या व्हिडिओत सांगितलंय," पूजा म्हणाली, "एकच चौकट दोनदा चालवली की आधीचा आकडा पुसला जातो आणि नवा येतो. तुम्ही ही दोनदा चालवली का?"

त्या क्षणी मला सगळं कळलं. चहा, गोल फिरणारं चक्र, जोरात दाबलेलं बटण, सगळं. आणि माझ्या तोंडातून काय बाहेर पडलं, तर हे: "नेट गेलं की कधी कधी आकडा गळतो. त्याला काही अर्थ नसतो."

"अच्छा," ती म्हणाली आणि वहीत लिहून घेतलं. सत्तावीस वर्षं मुलांना शिकवलं, पण जाणूनबुजून खोटं शिकवायची ती पहिलीच वेळ.

ती गेल्यावर मी सगळं पुसून पहिल्या चौकटीपासून पुन्हा चालवलं, प्रत्येक चौकट एकदाच. या वेळी सातचा आकडा जागेवर आला. खडकदरा साडेसत्तावीस. एकेचाळीसच्या एकेचाळीस काड्या हिरव्या. कुणीच पाणी घातलेलं नव्हतं.

मग मी सुमनबाईंचे कच्चे आकडे काढले आणि मला बसवेना. त्यांच्या दुधाचं तापमान रोज सोळा-सतरा होतं. बाकीचे केंद्रवाले धारेचं कोमट दूध आलं की लगेच नळी बुडवून मोकळे होतात. सुमनबाई कॅन आधी विहिरीच्या पाण्याच्या हौदात ठेवायच्या, वर ओलं पोतं टाकायच्या आणि दूध गार झाल्यावर मग डिग्री घ्यायच्या. त्यांना हे कुणी सांगितलं होतं? मी. कोमट दुधात फेस असतो, डिग्री चुकते, दूध गार करून मगच नळी सोडा, असं मीच प्रत्येक ट्रेनिंगमध्ये घसा फोडून सांगतो. एकेचाळीस माणसांतल्या एका बाईनं ते ऐकलं. दूध जितकं गार तितकी दुरुस्ती मोठी, आणि ती मी दोनदा लावली. ज्यांनी माझं ऐकलं नव्हतं त्यांचं दूध माझ्या आलेखात उलट घट्ट झालं होतं.

मी लॅपटॉप मिटला. आत्ताच्या आत्ता रंगनाथ साहेबांकडे जायचं, असं मनात म्हणालो आणि तसाच बसून राहिलो. मग उद्या जाऊ म्हणालो.

बुधवारी साहेब पुण्याला गेले होते. मला बरं वाटलं. माणूस भेटला नाही याचा आनंद झाला, यावरूनच मला माझी लायकी कळायला हवी होती. फोन करता आला असता, तो मी केला नाही. अशा गोष्टी समोर बसून सांगाव्यात, असं मी स्वतःला पटवलं. गुरुवारी साहेब समोर होते. मी त्यांच्या केबिनमध्ये गेलो, खुर्चीत बसलो. ते म्हणाले, "बोला, लालभाई. सध्या तुमचंच नाव निघतंय वर. बाकीच्या तालुक्यांतही हेच नोटबुक लावू म्हणतात." मी तोंड उघडलं आणि रजा मागितली. शुक्रवारची एक दिवस, पाठ दुखते म्हणून. शुक्रवारी घरी पडून राहिलो. पाठीला काही झालेलं नव्हतं. हमिदानं तेल चोळून दिलं, तेही मी मुकाट्यानं चोळून घेतलं.

मला कसली भीती होती? नोकरी जाईल अशी नव्हती, चुकीसाठी कुणी काढत नाही. भीती हशाची होती. म्हातारपणी कॉम्प्युटर शिकायला गेला आणि तोंडावर आपटला, हे ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती. तेवढ्यासाठी मी एका बाईचं केंद्र बंद ठेवलं.

शनिवारी सकाळी साहेबांनी मला बोलावलं. चेहरा प्रसन्न होता. टेबलावरचा कागद त्यांनी माझ्याकडे सरकवला.

"तुमचा आलेख जिंकला, लालभाई. कबुली आली."

वहीचं फाडलेलं पान होतं. वाकड्या अक्षरात लिहिलं होतं की खडकदरा केंद्रावर कॅनमध्ये पाणी मी घातलं, वहिनींना त्यातलं काही माहीत नव्हतं, यापुढं मी केंद्रावर पाय ठेवणार नाही, केंद्र चालू करावं. खाली सही, भीमराज. तारीख शुक्रवारची.

"काल गावात मीटिंग झाली," साहेब सांगत होते. "सगळ्यांसमोर कबूल झाला, पाया पडला म्हणे प्रत्येकाच्या. सोमवारपासून केंद्र चालू करतोय. दीर आसपास दिसायचा नाही, एवढी अट घातलीय. प्रकरण संपलं."

मला पहिल्यांदा काय वाटलं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. सुटलो असं वाटलं. केंद्र चालू होणार, माझा आलेख खरा ठरणार, पूजा वहीत काय लिहायचं ते लिहून बसलेली. आता कुणाला काही सांगायची गरजच उरली नव्हती. फक्त एक माणूस दुधात पाणी घालणारा म्हणून जगणार होता, आणि तो काही तक्रार घेऊन येणार नव्हता. हे सगळं एका क्षणात माझ्या डोक्यात मांडून झालं, एखाद्या मुरलेल्या लबाडाला लाजवेल असं. मग मी पुन्हा ते पान बघितलं. न घातलेलं पाणी त्या माणसानं घातलं म्हणून लिहून दिलं होतं. ते घातलेलं नाही हे त्याच्याखेरीज जगात मला एकट्याला माहीत होतं.

रविवारी जेवताना मी हमिदाला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, भाकरी तव्यावर करपली तरी उठली नाही. शेवटी म्हणाली, "आणि मी तुमच्या पाठीला तेल चोळत होते."

सोमवारी सकाळी मी खडकदऱ्याला गेलो. केंद्र म्हणजे सुमनबाईंच्या घराला लागून पत्र्याची एक खोली आहे. आत भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, खाली वजनकाटा. दूध घालून माणसं गेली होती, फार नव्हतीच. वहीत मी डोकावलो. चौतीस घरांपैकी अकरा आली होती. शेजारचा हौद कोरडा होता.

"जयभीम, सुमनबाई."

"सलाम, भाई. या." आम्ही बारा वर्षं असंच म्हणतो, मी त्यांचं आणि त्या माझं. त्यांनी खुर्ची पुसून दिली आणि माझ्या आधी त्याच बोलायला लागल्या.

"तुमचे लई उपकार झाले, भाई. तुमी दावलं म्हनून कळलं. मी तर त्या दिवशी तुमच्यावं चिडून आल्ते. घरी आल्यावं इचार केला, लालभाई काय उगं बोलायचा मानूस न्हाई. बारा वरीस बघतीय मी. ह्या मानसानं म्हनलंय म्हंजी पानी हाय. मग घातलं कुनी? मी तर न्हाई घातलं. कॅन भीमराजच्या हातात, हौद तोच भरायचा. रोज इचारलं त्येला. धा डाव इचारलं. न्हाई न्हाई म्हनायचा. शेवटी शुक्रवारी कबूल झाला." त्या थांबल्या. "नवरा गेला तवा ह्यो बारावीत हुता, भाई. शाळा सोडून माज्या पोरांसाठी राबला. त्येनं असं करावं. आता मी त्येच्याशी बोलत न्हाई. जेवायला बी घरात येत न्हाई त्यो, गोठ्यात ऱ्हातोय. हौद बी मोडायचा हाय मला, पान्याचं नावच नको."

मी उठून उभा राहिलो, कारण खुर्चीत बसून हे सांगता येण्यासारखं नव्हतं.

"सुमनबाई, पाणी नव्हतं."

"काय?"

"तुमच्या दुधात पाणी नव्हतंच. डिसेंबरात एकदाही नव्हतं. माझी चूक झाली. मी एकच काम दोनदा केलं, आकडा दोनदा कमी केला. तुम्ही दूध गार करत होता म्हणून तो तुमचाच जास्त कमी झाला. तुमचं दूध चांगलं होतं. माझं चुकलं."

मला वाटलं, त्या शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी हातातलं फडकं वजनकाट्यावर ठेवलं, दारात गेल्या आणि गोठ्याच्या दिशेनं हाक मारली, "भीमराज." मग पुन्हा एकदा, जरा हळू. शुक्रवारनंतर त्यांनी मारलेली ती पहिली हाक असावी, कारण तो धावतच आला.

दाराबाहेरच थांबला. आत यायची त्याला बंदी होती आणि ती तो पाळत होता.

"आत ये," सुमनबाई म्हणाल्या. "भाई काय सांगत्यात ते ऐक."

मी पुन्हा सगळं सांगितलं, त्याच्या तोंडाकडे बघून. तो शांतपणे ऐकत होता. मध्येच म्हणाला, "नेट नसंल, भाई. आमच्याकडं बी असंच व्हतं. कॉम्प्युटरचीच चूक असनार." तो मला सोडवायला बघत होता. हो म्हणायला एक शब्द पुरला असता.

"नाही," मी म्हणालो. "कॉम्प्युटरनं सांगितलं तेवढंच केलं. मी दोनदा सांगितलं. आणि नंतर सॅम्पल घेऊन बघितलंही नाही."

"बरं," तो म्हणाला.

"पण तू का कबूल झालास? तू घातलं नव्हतंस ना?"

त्यानं आधी वहिनींकडे बघितलं, मग खाली. "कुनी कबूल झाल्याबिगर केंद्र उघडत न्हवतं. रंगनाथ सायबच तसं बोल्ले, पानी घालनारा घावला पायजे. भित्तीवं तर दिसलंच हुतं समद्यांना. वैनी घातलं म्हनल्या अस्त्या तर केंद्र गेलं अस्तं. मंग मीच म्हनलं."

सुमनबाई दाराच्या चौकटीला धरून खाली बसल्या. त्यांनी पदर तोंडाशी नेला. भीमराज त्यांच्याकडे जायला निघाला आणि थांबला, जवळ जावं की नाही हे त्याला अजून ठरवता येत नव्हतं.

मी म्हणालो, आज मी साहेबांना लेखी देतो. तुझं ते पान परत आणतो. शनिवारी सगळ्या केंद्रवाल्यांना पुन्हा बोलावू, त्याच भिंतीवर खरा आलेख दाखवतो, चूक कुणाची ते माझ्या तोंडानं सांगतो. गावातही येतो, तू ज्यांच्या पाया पडलास त्या प्रत्येकाच्या दारात जाऊन सांगतो. मी भराभर बोलत होतो. बोलणं थांबलं की काहीतरी येणार, असं मला वाटत होतं.

भीमराज मान हलवत होता. मग त्यानं विचारलं. रागानं नाही, एखादी गोष्ट नीट समजून घ्यावी तसं.

"भाई, तुमाला कवा कळलं ह्ये?"

काल रात्री, हे दोन शब्द माझ्या जिभेवर तयार होते. कुणीही पडताळून बघणार नव्हतं.

"मंगळवारी," मी म्हणालो.

"मंजी गेल्या मंगळवारी?"

"हो."

त्यानं अंगठ्यानं बोटांच्या पेरांवर मोजलं. मंगळवार, बुधवार, गुरुवार. शुक्रवारपाशी आला आणि अंगठा तिथंच थांबवला.

"मंजी तीन दिस हुते की, भाई," तो म्हणाला.